भिंतीच्या दोन्ही अंगांना

दुकान बंद केल्यानंतर सहाएक महिन्यांनी चारुलताच्या दुपारच्या झोपेत माणसं यायला लागली. ओळखीचं त्यांत कुणीच नसायचं. सगळी रांगेत बसलेली, हनुवटी किंचित वर, डोळे सताड उघडे आणि ओठ मिटलेले. सव्वीस वर्षं सीबीडी बेलापूरच्या सरकारी कचेऱ्यांसमोर तिचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट, पेन्शन, नोकरीचा अर्ज, ज्याला म्हणून कागदावर स्वतःचं तोंड चिकटवायचं असे, तो तिच्या स्टुलावर येऊन बसायचा. "सरळ बघा. हसू नका. झालं." बस्स, एवढंच बोलणं. पुढे कचेऱ्यांनी खिडकीवरच कॅमेरे बसवले, स्टूल दिवसदिवस रिकामं राहू लागलं आणि एका शनिवारी तिने शटर ओढलं. आता तीच माणसं झोपेत येऊन बसून राहायची. फोटो काढून झालाय, पण 'उठा' म्हणायला कुणीतरी विसरलंय, अशी.

"काय मागतात गं ती?" दिलीपने, तिच्या नवऱ्याने, एकदा विचारलं.

"काही नाही. बघत राहतात."

दिलीप निवृत्त झाला तेव्हा दोघांनी द्रोणागिरीत क्रीक व्ह्यू सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. क्रीक दिसायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तीही मान तिरकी केली तर. पलीकडे बंदराचे कंटेनर लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखे रचलेले. त्यांच्या अलीकडे तिवरं, मिठागराचे पांढरे चौकोन, खारकोंड गावाची कौलं आणि स्लॅब. आणि गाव नि सोसायटी यांच्या मधोमध आठ फुटी भिंत. थंडीत सकाळी खाडीवरून धुकं आलं की भिंतीचा तळ दिसेनासा व्हायचा आणि ती नुसती अधांतरी तरंगत असल्यासारखी वाटायची.

त्या भिंतीत एक लहान लोखंडी दार होतं. त्याला तीन वर्षांपासून कुलूप होतं. चारुलता राहायला आली त्याआधीची ही गोष्ट, म्हणून तिने ती दोन्हीकडून ऐकली होती. सोसायटी सांगायची की चैत्रात गावदेवीच्या पालखीत डीजे लावला, थांबवायला गेलो तर दगड आले, सेक्रेटरी नंदकुमार यांच्या गाडीची काच फुटली आणि त्यांच्या बायकोच्या, सुनीतीच्या, कपाळाला सात टाके पडले. गाव सांगायचं की पालखीची वाट ही पिढ्यांची वाट, या दारातूनच जाणारी, ती अडवली, वर पोलीस बोलावले आणि ज्याने दगड उचललासुद्धा नाही त्या गावच्या पोराचं, धनेशचं, नाव लिहून दिलं. त्या दिवसापासून गावातल्या बायका सोसायटीत कामाला येईनात, कोळंबी घेऊन यायच्या त्याही बंद झाल्या. सोसायटीने सगळं बाहेरून मागवायला सुरुवात केली. दोन्हीकडची पोरं खेळताना चेंडू भिंतीपलीकडे गेला की नवा चेंडू आणत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी चारुलता मोठ्या गेटाने बाहेर पडून वळसा घालून खाडीच्या बांधावर गेली. गळ्यात जुना कॅमेरा होता. हाताला सवय, म्हणून घेतलेला. बांधावर एक म्हातारी उकिडवी बसली होती. गुडघ्यापर्यंत ओचा, अंबाड्यात पिवळी शेवंती.

"फोटू कारतंस?" म्हातारीने विचारलं.

"काढायचे. आता नाही."

"माजा कार. मना एक चांगला पायजे." तिने कमरेच्या पिशवीतून आधारकार्ड काढून दाखवलं. "हा बग. चोरीन दिसतंय मी. कोंबरी चोरून नेताना धरलेली."

चारुलता खळखळून हसली. खूप दिवसांनी. मग तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडातून आपसूक गेलं, "सरळ बघा. हसू नका."

"का नको?"

चारुलताला हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तिने कॅमेरा खाली घेतला आणि म्हातारीच्या शेजारी बांधावर बसली. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून हळूहळू आत येत होतं, आवाज न करता, कुणी चोरपावलांनी घरात शिरावं तसं. म्हातारीने आपलं नाव पुतळा सांगितलं. मग सोसायटीच्या इमारतीकडे बोट केलं.

"तुमची लिफ्ट हाय ना, तितं आमचा खळा व्हता. भाताचा. आनि तू कंच्या माळ्यावं?"

"तिसऱ्या."

"तितनं बगळे जायचे संध्याकाळचे. तू निजतंस ना, बरोबर त्या उंचीवरशी."

असं म्हणून ती त्या उंचीकडे बघत राहिली. कॅमेऱ्याचा तिला विसर पडला होता. धुक्यातून ऊन तिच्या गालावर उतरलं, सुरकुत्यांच्या घड्या उजळल्या आणि चारुलताने बटण दाबलं.

त्या दुपारी झोपेत नेहमीची माणसं आलीच नाहीत. एकटी पुतळा आली. तिचा चेहरा भिंतीएवढा मोठा होता आणि सोसायटीतली माणसं त्याच्यासमोरून दूध आणायला, बस पकडायला जात होती. जाग आल्यावर चारुलता थोडा वेळ छताकडे बघत पडून राहिली. मग उठून चहा टाकला आणि दिलीपला म्हणाली, "उद्या महाप्याला जायचंय. प्लॉटरवाल्याकडे."

महाप्याच्या एमआयडीसीत नकाशे छापणारा तिच्या जुन्या ओळखीचा एक जण होता. त्याने सहा फूट उंचीचा कागद छापून दिला. घरी मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजली. रविवारी सकाळी, सोसायटी आळोखेपिळोखे देत असताना, नवराबायकोने पुतळाचा चेहरा भिंतीला आतल्या अंगाने चिकटवला. दिलीप शिडीवर, चारुलता खाली ब्रश घेऊन.

"विचारलंयस का कुणाला?" दिलीपने वरून विचारलं.

"नाही."

"मग पटपट कर."

नऊच्या सुमाराला नंदकुमार खाली आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. माणूस वाईट नव्हता. पाण्याचा टँकर असो की कुणाच्या घरचं मयत असो, आधी धावणारा तोच असायचा. पण भिंतीचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा.

"वहिनी, हे काय आहे?"

"फोटो आहे."

"ते दिसतंय मला. कुणाचा? त्या गावातली ना ही? कॉमन प्रॉपर्टीवर असं काही लावता येत नाही. संध्याकाळपर्यंत काढून टाका, नाहीतर मला मीटिंग बोलवावी लागेल."

"बोलवा," चारुलता म्हणाली. स्वतःच्याच शांत आवाजाचं तिला नवल वाटलं.

संध्याकाळी भिंतीपाशी माणसं जमली. कुणी म्हणालं, छान आहे. कुणी म्हणालं, आज एक चिकटवला, उद्या बॅनर लागतील. नंदकुमार नियमांचा कागद वाचून दाखवत होते. तेवढ्यात सुनीती मागून पुढे आली. एरवी ती चारचौघांत बोलत नसे आणि केस कपाळावर ओढून घ्यायची तिला सवय लागली होती. ती फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"ह्या बाईच होत्या," ती म्हणाली.

"कोण बाई?" नंदकुमारांनी विचारलं.

"काच फुटली तेव्हा मला काही दिसत नव्हतं. डोळ्यांत रक्त उतरलं होतं. कुणीतरी गाडीचं दार उघडलं आणि पदर माझ्या कपाळाला दाबून धरला. अंगाला मासळीचा वास होता. 'डोला उघर बाय, डोला उघर' म्हणत होती. उघडला तेव्हा हा चेहरा दिसला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत धरून बसली होती."

"तू कधी बोलली नाहीस मला."

"तुम्ही किती रागात होता. नंतर केस झाली, मीटिंगा झाल्या. मला वाटलं, आपल्यालाच भास झाला असेल. शुद्धीत कुठे होते मी धड?"

नंदकुमारांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. फोटो राहिला.

दोन दिवसांनी सुनीतीने चारुलताची बेल वाजवली. "चारूताई, माझा काढाल? आणि तो बाहेरून लावा, गावाच्या बाजूने. त्यांनी बघितलेली मी रक्तानं भरलेली. आता कशी आहे ते बघू दे त्यांना."

चारुलताने तिला खिडकीपाशी बसवलं. ना पडदा, ना दिवा. चारुलता कॅमेरा मांडीवर ठेवून वाट बघत बसली. खाडीकडून वारं येत होतं. मग सुनीतीने स्वतःच हात वर नेला आणि कपाळावरचे केस मागे सारले. भुवईच्या वर टाक्यांची आडवी पांढरी रेघ होती. मिठागरातल्या बांधासारखी, चारुलताच्या मनात आलं.

तो फोटो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागला तेव्हा गावातही कुरकूर झाली. आमच्या देवीच्या वाटेवर ह्यांची तोंडं कशाला, असं काही जण म्हणाले. तिसऱ्या दिवशी चारुलता कागदाचा सुटलेला कोपरा चिकटवायला गेली, तेव्हा तिथे एक तिशीचा माणूस टेम्पो उभा करून फोटोकडे बघत होता. इंजिन चालूच होतं.

"तुमीच चिकटवला का?" त्याने विचारलं.

"हो."

"मी धनेश. पुतळाचा नातू." तो तिच्याकडे वळला नाही. "ही जखम माज्या नावावर हाय, काकी. तीन वर्षं. फोर्कलिफ्टचं लायसन हाय माज्याकडं, बंदरातल्या गोदामात सिलेक्शन पण झालेलं. पोलीस व्हेरिफिकेशनला केस निघाली आनि फाइल बंद. मंग हा टेम्पो. आनि मी ही जखम आज पयल्यांदा बघतोय."

चारुलता ब्रश हातात धरून उभी राहिली. शेवटी ती म्हणाली, "कोपरा सुटतोय. जरा दाबून धरतोस?"

त्याने तळहात कागदावर ठेवला. खळ सुकेपर्यंत त्याने तो उचलला नाही. मग टेम्पो बंद केला आणि म्हणाला, "आजी बोलते, तुमी फोटो कारताना गप बसता. माणूस विसरून जातो. माजा काराल?"

तिथून ते सुरू झालं. दर रविवारी सकाळी चारुलता बाहेरच्या रस्त्याकडेला, कुलूप लावलेल्या लहान दाराशेजारी, एक लाकडी खुर्ची मांडून बसू लागली. आधी गावातले आले. मग वळसा घालून, फिरायला निघाल्यासारखं दाखवत, सोसायटीतले. खुर्चीत कुणी बसलं की ती काहीच सांगायची नाही. दोन मिनिटं जायची, तीन जायची. माणूस आधी पोट आत घेई, केस सारखे करी, मग कंटाळे आणि मग कुठेतरी निघून जाई. नजर तिथेच, पण माणूस दुसरीकडे. कुणी आईच्या घरी जाऊन येई, कुणी बुजवलेल्या शेतात. तिथून तो परत यायच्या आत ती बटण दाबायची. गावातले चेहरे भिंतीच्या आत लागत गेले आणि सोसायटीतले बाहेर. महाप्याचा प्लॉटरवाला तिला बिनपैशाने कागद छापून देऊ लागला. म्हणाला, नकाशे छापून डोळे थकले होते, आता बरं वाटतं.

माघ संपेपर्यंत भिंतीचं सिमेंट दिसेनासं झालं. सकाळच्या धुक्यात आता भिंत तरंगत नसे, माणसं तरंगत. सोसायटीतली मुलं शाळेच्या बसची वाट बघताना त्यांना नावं देत. खरी नावं कळल्यावर ती हाक मारू लागली. बाहेर गावातल्या बायका पाण्याला जाताना आयटीवाल्या एका पोराच्या फोटोपाशी थांबून म्हणत, याला कुनी जेवाया घालत नाय का. सगळंच गोड होतं असंही नाही. एका रात्रीत बाहेरचे दोन फोटो कुणीतरी फाडले. आत एका चेहऱ्यावर पानाची पिंक आली. ते कुणी केलं हे चारुलताने शोधलं नाही. नवे कागद आणले, नवी खळ शिजवली.

फाल्गुनातल्या रविवारी नंदकुमार आले. वळसा घालून एकटेच चालत. रांगेतल्या चारजणांनी त्यांना वाट दिली. ते खुर्चीत बसले खरे, पण त्यांच्या मागून ऊन येत होतं आणि चेहरा काळा पडत होता. चारुलताने आजूबाजूला बघितलं. थर्माकोलचा पांढरा तक्ता भिंतीला टेकवलेला होता. तो समोर धरायला कुणीतरी हवं होतं आणि सर्वांत जवळ धनेश उभा होता.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो एक क्षण जागचा हलला नाही. मग तक्ता उचलून नंदकुमारांच्या समोर, दोन्ही हातांत धरून, गुडघा टेकून बसला. त्याने तक्ता थोडा कलता केला आणि ऊन उलटून नंदकुमारांच्या चेहऱ्यावर गेलं. कपाळ, नाक, दाढीचे पांढरे खुंट, सगळं उजळलं.

"डोळ्यांवर येतंय का?" धनेशने विचारलं.

"नाही. ठीक आहे."

चारुलताने कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याच्या चौकटीत तिला फक्त नंदकुमार दिसत होते. ते लेन्सकडे बघत नव्हते. तक्त्याच्या वरच्या कडेवरून ते धनेशकडे बघत होते. मिनिटं गेली. कुठेतरी बंदराच्या बाजूला जहाजाचा भोंगा लांबलचक वाजला आणि पाण्यावरून येतायेता विरून गेला.

"तो दगड तू मारलेलास का?" नंदकुमारांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता, घरात विचारावं तसा.

धनेशने तक्ता तसाच कलता धरून ठेवला. "नाय," तो म्हणाला. "पन खोटं कशाला बोलू? हातात व्हता माज्या. मारनार व्हतो. त्याच्या आधी दुसराच कुनाचा तरी गेला. मी बघितलं आजी गारीकडं धावली, मंग मी खाली टाकला."

"मी बघितलं नव्हतं कोणी मारला ते." नंदकुमार थांबले. "सुनीतीला तसं बघून माझं डोकं फिरलं होतं. कुणीतरी म्हणालं, तो लाल शर्टवाला, धनेश नाव. मी लिहून दिलं. नंतर वाटलं होतं, एकदा विचारावं. पण मग केस पुढे गेली होती. आणि मी सेक्रेटरी होतो."

चारुलताने बटण दाबलं की नाही, हे तिला स्वतःला आठवत नव्हतं. नंतर बघितलं तेव्हा एकच फोटो निघाला होता. त्यात नंदकुमारांचे डोळे ओले होते आणि तोंड किंचित उघडं, काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखं.

"झालं काका," धनेशने तक्ता खाली ठेवत सांगितलं. "उठा आता."

दुसऱ्या आठवड्यात नंदकुमार सीबीडी बेलापूरला एका वकिलाकडे जाऊन आले. आपण दगड मारताना कुणालाही पाहिलं नव्हतं, नाव ऐकीव माहितीवर दिलं होतं, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही करून दिलं. वकिलाने बजावलं की याने तुम्हीच अडचणीत येऊ शकता. ते म्हणाले, माहीत आहे. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या, केस मिटायला श्रावण उजाडला आणि धनेशला गोदामातली नोकरी लागली ती त्याहून उशिरा, दुसऱ्याच एका कंपनीत. नंदकुमारांना कोर्टात दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. सोसायटीत तीन घरं त्यांच्याशी बोलायची बंद झाली. गावातही काहींनी धनेशला विचारलं, तुला काय गरज होती तक्ता धरायची.

पण पालखी त्या सगळ्याच्या आधी, चैत्रातच आली. सुनीतीने मीटिंगमध्ये उभं राहून लहान दार उघडायचा ठराव मांडला. तो दोन मतांनी पास झाला. अट अशी की डीजे नाही, आणि संध्याकाळी सहा ते साडेसात. गावाने डीजे सोडला. त्याऐवजी सनई-ढोल वाजवणारे जुने खालूबाजेवाले बोलावले. गावातल्या पोरांची त्यांना वाजवताना ऐकायची ही पहिलीच वेळ होती.

कुलूप गंजलं होतं. वॉचमनने तेल घातलं, तरी किल्ली फिरेना, म्हणून शेवटी ते कापावं लागलं. सूर्य खाडीवर टेकला होता. मिठागरं गुलाबी झाली होती आणि हवेत गुलाल इतका होता की माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती. दार अरुंद. पालखी आडवी जाईना, म्हणून भोयांनी ती कलती केली. वाद्यं क्षणभर थांबली आणि देवी लहान मुलीसारखी अंग चोरून भिंतीतून आत आली. तिच्यामागून पुतळा, बायका, पोरं. भिंतीवरच्या आपल्याच चेहऱ्यांसमोरून जाताना काही जण लाजले. एका आजोबांनी स्वतःच्या फोटोला हात जोडले आणि सगळे हसायला लागले. सुनीती आरतीचं ताट घेऊन उभी होती. पुतळाने तिची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि कपाळावरच्या रेघेवरून अंगठा फिरवला. गुलालाने ती रेघ लाल झाली. दोघी काही बोलल्या असतील तर बाज्यामुळे चारुलताला ऐकू आलं नाही.

साडेसात वाजले. वॉचमन नवं कुलूप घेऊन दारापाशी येऊन उभा राहिला आणि नंदकुमारांकडे बघू लागला. नंदकुमार पालखीपासून थोडे लांब, पार्किंगच्या कडेला उभे होते. नाचायचं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं, मग दाराकडे बघितलं. बाहेरच्या अंधूक वाटेवरून अजून बायका येत होत्या, कडेवर मुलं घेऊन, दिवे सांभाळत, सावकाश.

"राहू दे," ते वॉचमनला म्हणाले. "माणसं येतायत अजून."